यंत्रयुगातील लिपिक

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी झालेले भाषण)



'कारकून' हा शब्द फार्सीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'काम करणारा' एवढाच आहे, 'लिहिणारा' असा नाही. पुढे दफ्तरातील काम म्हणजे लिहिणे असे समीकरण होऊन बसले आणि लेखणी हीच कारकुनाची ओळख ठरली. शासनव्यवहारात 'लिपिक' ही संज्ञा रूढ झाली, तेव्हा तर लेखन हीच त्या पदाची व्याख्या बनली. आज मात्र नक्कल करणे, बेरजा मारणे, नोंदी शोधणे, स्मरणपत्रे काढणे अशी कितीतरी कामे यंत्राकडे गेली आहेत. अशा वेळी लिपिकाच्या हाती काय उरले, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. हा प्रश्न केवळ कर्मचारीवर्गाचा नाही. ज्या नागरिकाचे काम त्या टेबलावरून पुढे सरकावयाचे असते, त्याचाही तो तितकाच आहे.

बोरूपासून टंकयंत्रापर्यंत

कार्यालयात यंत्र येण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. मराठी दफ्तराचा कारभार शतकानुशतके मोडी लिपीत चालला. हात न उचलता भरभर लिहिता यावे, हा त्या लिपीचा मोठा गुण. बोरू, शाई आणि वळणदार मोडी अक्षर या तीन गोष्टींवर कारकुनाची किंमत ठरत असे. टंकयंत्र आले आणि वळणदार अक्षराचे मोल कमी झाले. त्याची जागा वेगाने व अचूक टंकलेखन करण्याच्या कौशल्याने घेतली. १९५५ साली मुंबईत गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. तालुक्याच्या गावीही टंकलेखनाचे वर्ग निघाले आणि मध्यमवर्गीय घरांतील असंख्य मुलामुलींना त्या वर्गांनी नोकरीचा दरवाजा उघडून दिला. मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्द, ही अट तेव्हापासून महाराष्ट्रातील नोकरीइच्छूंच्या परिचयाची आहे.

त्याच कंपनीने २००९ साली टंकयंत्रांचे उत्पादन थांबविले. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षाही आता संगणकावर होतात. तथापि 'लिपिक-टंकलेखक' हे पदनाम अद्याप टिकून आहे. साधन बदलते, काम बदलते आणि पदाचे नाव मात्र मागे रेंगाळते, असे कार्यालयीन जीवनात नेहमीच घडत आले आहे.

टंकयंत्राच्या आगमनातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या यंत्राने माणसे कमी केली नाहीत. उलट नवी पदे निर्माण केली. कारण ते यंत्र माणसाच्या बोटांना वेग देत होते, स्वतः हिशेब करीत नव्हते. संगणकाचे तसे नाही. तो लिहितो, मोजतो, लक्षात ठेवतो आणि जुळवूनही पाहतो. म्हणूनच त्याच्याविषयी निर्माण झालेली भीती वेगळ्या प्रतीची होती.

भीती निराधार नव्हती

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक बसविण्याचे ठरविले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यास कडवा विरोध केला. कलकत्त्यात तर हा लढा विशेष तीव्र झाला. बेकारी वाढत असताना माणसांचे काम यंत्राला देणे हा अन्याय आहे, अशी संघटनांची भूमिका होती. या प्रश्नाचा साधकबाधक विचार करण्यासाठी केंद्र शासनाने पुण्याचे ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांतील यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला.

या इतिहासाकडे आज पाहताना विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. यंत्रामुळे मिळणाऱ्या लाभात आपला वाटा काय, हा कर्मचाऱ्याचा प्रश्न रास्तच होता. वाटाघाटींमुळे बदल सावकाश झाला हे खरे. पण त्या सावकाशीमुळे चाळिशी-पन्नाशीतील माणसांना नवे काम शिकण्यास अवधी मिळाला, हेही तितकेच खरे.

लेजर गेले, काम बदलले

या बदलाचे स्वरूप नीट समजून घेण्यासाठी बँकेच्या शाखेचे उदाहरण उपयोगी पडेल. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर शाखा खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि खातेदारांची संख्या झपाट्याने वाढली. त्या काळी खातेदाराने पैसे काढण्याची चिठ्ठी खिडकीवर दिली की लिपिक त्याच्या हाती पितळी बिल्ला ठेवी. मग जाडजूड लेजर काढून तो खात्याचे पान शोधी, रक्कम नावे टाकी, नवी शिल्लक मांडी आणि लेजर अधिकाऱ्याकडे सरकवी. अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पाही. त्यानंतर रोखपाल बिल्ल्याचा क्रमांक पुकारी. महिनाअखेरीस लेजरांतील शिल्लकांची बेरीज सर्वसाधारण खतावणीतील आकड्याशी जुळवावी लागे. पंचवीस पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत उशिरापर्यंत दिवे जळत.

व्याजाच्या आकारणीची कथा तर अधिक बोलकी आहे. बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर मोजले जाई. एखाद्याने महिनाभर ५,००० रुपये ठेवून २५ तारखेला त्यांतील ४,००० काढले, तर त्या महिन्याचे व्याज त्याला केवळ १,००० रुपयांवर मिळे. ठेवीदाराच्या दृष्टीने हे न्याय्य नव्हते. पण हजारो खात्यांची रोजची शिल्लक हाताने धरून व्याज काढणे मानवी शक्तीबाहेरचे होते. शाखा संगणकाने जोडल्या गेल्यावर ही अडचण उरली नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून व्याज दैनंदिन शिल्लकेवर मिळू लागले. यंत्राचा लाभ सामान्य ठेवीदाराच्या पदरात पडल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

मग लिपिकाचे काय झाले? ज्याची भीती होती ती सरसकट कपात झाली नाही. तथापि २०००-०१ च्या सुमारास सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि पुढील काळात लिपिकांचे बँकेतील प्रमाण घटत गेले. म्हणजे कामावर असलेल्याची नोकरी बहुधा राहिली. पण त्याच्यामागून येणाऱ्याची जागा आक्रसली. ही वस्तुस्थिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जे खिडकीवर राहिले, त्यांचे कामही पालटले. पैसे देणारा, घेणारा व नोंद करणारा ही निरनिराळी माणसे होती. ती कामे एकाच खिडकीवरील एका व्यक्तीकडे आली. खातेदाराची ओळख पटविणे, संशयास्पद व्यवहार हेरणे, विमा व कर्ज योजनांची माहिती देणे, फसवणुकीच्या दूरध्वनींपासून वृद्ध खातेदारास सावध करणे ही कामे त्यात मिळाली. बँकांनी आपल्या भरतीत लिपिकासाठी 'कस्टमर असोसिएट' यांसारखी नावे स्वीकारली, ती यामुळेच. पूर्वी लिपिकाची नजर लेजरावर असे; आता ती समोरच्या माणसावर असावी, ही अपेक्षा आहे.

सातबारा उताऱ्याचा धडा

बँकेतील चूक बहुधा पैशात भरून काढता येते. जमिनीच्या अभिलेखाचे तसे नाही. म्हणून महसूल विभागातील बदलाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. तो तलाठ्याच्या, म्हणजे आजच्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दफ्तरात हाताने लिहिला जाई. उताऱ्यासाठी शेतकऱ्याला सज्जाच्या गावी खेटे घालावे लागत. महाराष्ट्रात हे अभिलेख संगणकावर आणण्यात आले. संगणकातील नोंदी मूळ हस्तलिखिताशी जुळतात किंवा कसे, हे तपासण्यासाठी २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झाले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तो १५ रुपये भरून घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला.

उतारा लिहून देण्याचे काम गेले. मग गावचा महसूल कर्मचारी रिकामा झाला काय? मुळीच नाही. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटिसा द्यावयाच्या, १५ दिवस हरकतींची वाट पाहावयाची, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची आणि मंडल अधिकाऱ्याने चौकशीअंती नोंद प्रमाणित करावयाची, हा कायद्याने सांगितलेला मार्ग आहे. यंत्र नोटीस तयार करते, दिवस मोजते, आठवण देते. परंतु वारसांमध्ये परगावी सासरी गेलेल्या बहिणीचे नाव वगळले गेले आहे काय, हे यंत्राला समजत नाही. त्याला जेवढी नावे दिली जातात, तेवढीच ते जाणते. ते नाव शोधून काढणारा डोळा माणसाचाच लागतो.

चुकीचे परिणामही आता पूर्वीसारखे मर्यादित राहिलेले नाहीत. ०.४० हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर क्षेत्र असलेल्या खातेदाराच्या नावापुढे दशांश चिन्ह सरकून ४.०० हेक्टर अशी नोंद झाली, तर पूर्वी ती चूक एका वहीच्या एका पानावर राहत असे. आज तीच नोंद पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, शासकीय योजना अशा सर्व ठिकाणी क्षणार्धात पोहोचते. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या पंतप्रधान किसान सन्मान निधीसारख्या योजनेत आधारवरील नाव आणि अभिलेखातील नाव यांत मेळ नसला, तर हप्ता अडतो. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या नावातील एक काना त्याला तीन कार्यालयांचे उंबरे झिजवावयास लावतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहे. वाट आहे, पण ती दाखविणारा कोणी भेटला पाहिजे.

अशा शेतकऱ्याला टेबलावरून जेव्हा 'संगणक घेत नाही' एवढेच उत्तर मिळते, तेव्हा काय घडते? पूर्वी निदान नकार देणारा माणूस समोर असे आणि त्याच्याशी बोलता येत असे. आता नकार कोणी दिला हेच कळेनासे होते. यंत्र नकार देत नाही. कोणीतरी कधीतरी भरलेली माहिती आणि कोणीतरी घातलेला नियम नकार देत असतो. ती माहिती कोठे चुकली, अर्ज कोणाकडे करावा, कोणता कागद लागेल आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे सांगणे हेच आज लिपिकाचे खरे काम होय. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. हक्काच्या गोष्टीला 'संगणक घेत नाही' हे उत्तर होऊ शकत नाही.

यंत्राआधी व्यवस्था

येथे नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधील, एका प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अनिलकुमार लखिना हे तेथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेखांची मांडणी आणि कामाची पद्धत यांत जी सुधारणा घडविली, ती 'लखिना पद्धत' म्हणून राज्याबाहेरही ओळखली गेली. त्या सुधारणेचा आधार संगणक नव्हता. कोणता कागद कोठे असावा, तो किती काळ जपावा, कोणाचे काम कोणाच्या शेजारी असावे आणि आलेल्या माणसाने कोठे चौकशी करावी, या साध्या प्रश्नांचा नेटाने केलेला विचार हाच तिचा पाया होता.

महाराष्ट्रातील कार्यालयांना परिचित असलेली सहा गठ्ठा पद्धतही याच विचाराची आहे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश अशी कागदांची विभागणी ज्याला हाताने करता येते, त्यालाच संगणकावरील धारिकांची विभागणी उमजते. ज्या कार्यालयात कार्यविवरण नोंदवही कधी अद्ययावत नव्हती, तेथे संगणक आणल्याने शिस्त येत नाही; गोंधळ तेवढा अधिक वेगाने होतो. एकच प्रमाणपत्र तीनदा मागण्याची जुनी रीत तशीच ठेवून अर्ज ऑनलाइन केला, तर नागरिकाला तेच प्रमाणपत्र तीनदा स्कॅन करावे लागते. म्हणून यंत्र बसविण्यापूर्वी कोणती पायरी अनावश्यक आहे, हे ठरविले पाहिजे. आणि हे ठरविताना ज्याच्या हातून ते काम रोज जाते, त्या लिपिकाला विचारले पाहिजे. दुर्दैवाने त्यालाच सर्वांत शेवटी विचारले जाते.

नव्या भूमिकेची तयारी

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शासकीय कर्मचाऱ्यांसाठी संगणकज्ञान आवश्यक मानले गेले. त्या पायरीचा मोठा उपयोग झाला. परंतु कोणती कळ दाबावी हे शिकणे वेगळे आणि ती का दाबावी हे समजणे वेगळे. पूर्वीचा नवखा कारकून वर्षभर नकला करी, जुन्या धारिका वाची, ज्येष्ठांच्या टिपण्या उतरून घेई आणि त्या ओघात नियम त्याच्या अंगवळणी पडत. ते काम कंटाळवाणे होते, तरी ती एक शाळा होती. नक्कल करण्याचे काम यंत्राकडे गेल्याने ती शाळाही बंद झाली. ही उणीव भरून काढावयाची तर नव्या कर्मचाऱ्यास मूळ नियम, जुनी प्रकरणे आणि निर्णयामागील कारणे जाणीवपूर्वक शिकविली पाहिजेत. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अनुभवी सहकाऱ्यांचे ज्ञान त्यांच्या निरोपसमारंभाबरोबर कार्यालयाबाहेर जाऊ देता कामा नये.

ही गरज आता अधिकच तातडीची झाली आहे. अलीकडच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आली आहेत, की जी मराठीत मसुदा लिहितात, लांबलचक अहवालाचा सारांश काढतात आणि इंग्रजी परिपत्रकाचा अनुवादही करतात. आजवर यंत्र बेरीज करीत होते. आता ते टिपणीही लिहू लागले आहे. अशा मसुद्याची भाषा सफाईदार असते आणि तेथेच धोका असतो. नसलेल्या शासन निर्णयाचा क्रमांकही ते तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकते. ज्या लिपिकाला मूळ नियम ठाऊक आहे, तोच ही चूक पकडील. ज्याला ठाऊक नाही, तो ती पुढे पाठवील. आणि खाली सही मात्र माणसाची असेल.

सहीवरून आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. डिजिटल स्वाक्षरीचे साधन आणि पासवर्ड ही कर्मचाऱ्याची सहीच होय. कोऱ्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती देण्यास जो धजावणार नाही, त्याने कामाच्या गर्दीत आपला पासवर्ड मदतनीसाला सांगणे हीही तितकीच गंभीर बाब समजली पाहिजे.

शासनाकडून आणि वरिष्ठांकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. प्रशिक्षण हे कार्यालयीन वेळेत व्हावे. यंत्र बंद पडल्यास पर्यायी पद्धत लेखी ठरलेली असावी. वाचविलेला वेळ नागरिकाशी बोलण्यासाठी वापरता यावा. एक काम यंत्राकडे गेले म्हणून त्याच माणसावर तीन कामे लादली, तर तपासणी करावयास त्याला फुरसत कोठून मिळणार? यंत्राच्या गतीने माणसाने पळावे ही अपेक्षा धरणे म्हणजे चुकांना आमंत्रण देणे होय. तसेच ज्या नागरिकाला मोबाइल हाताळता येत नाही, त्याचा अर्ज घेणारी खिडकी बंद होता कामा नये. कार्यालयातील लेखनकाम कमी झाले, त्याचा बराचसा भाग अर्जदाराच्या माथी गेला आहे, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

'कारकून' शब्दाचा मूळ अर्थ प्रारंभी सांगितला तो याचसाठी. लिहिणे हे लिपिकाच्या कामाचे साधन होते, ते काम नव्हे. नोंद खरी आहे ना, नियम योग्य लागला ना आणि समोरच्या माणसाला आपल्या हक्काचे मिळाले ना, हे पाहणे हे त्याचे काम. बोरूच्या काळी ते तसेच होते आणि आज संगणकासमोर बसूनही तेच आहे. या वर्गातून परत गेल्यावर, उद्या सकाळी पहिला अर्जदार टेबलाशी येईल. त्याचा अर्ज यंत्राने नाकारलेला असेल, तर त्याला खुर्ची द्यावी, कारण शोधावे आणि पुढची वाट लिहून द्यावी. एवढे प्रत्येकाच्या हातून घडले, तरी या प्रशिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.